मालिकेतले सतरा मुद्दे

मी वजनमापं तपासणारा सरकारी निरीक्षक आहे. बावीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासत आणि त्यांवर शिक्के मारत हिंडतो आहे. माझ्या शिक्क्याशिवाय या भागात कोणाला किलोभर साखरसुद्धा कायदेशीरपणे विकता येत नाही. हे मुद्दाम सांगण्याचं कारण असं की चर्चच्या सभागृहात, भर कार्यक्रमात, माझे सतराच्या सतरा मुद्दे खोटे ठरवले गेले आणि तशी लेखी नोंदही झाली. ते कोणा ऐऱ्यागैऱ्याचे मुद्दे नव्हते, एवढं वाचकांनी सुरुवातीलाच लक्षात घ्यावं.

प्रकरण आईवरून सुरू झालं. बाबा गेल्यावर ती जेमतेम दोन रविवार चर्चला आली आणि मग यायची बंद झाली. चौदा महिने झाले. विचारलं की म्हणायची, गुडघे दुखतात. हेच गुडघे घेऊन ती तीन मजले चढायची, गच्चीत कपडे वाळत घालायची आणि माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर उभी राहायची. रविवारी सकाळी तेवढे ते दुखायचे. संध्याकाळी सातला मात्र ठणठणीत व्हायचे, कारण सातला तिची मालिका लागायची.

मालिका एका घड्याळवाल्याच्या घराची होती. म्हातारा घड्याळवाला, त्याची म्हातारी, त्याचे दोन मुलगे, आणि गळ्यात मोत्यांची माळ घालून सगळ्यांच्या चहात काही ना काही कालवणारी एक काकू. थोरला मुलगा बापाशी भांडून घर सोडून गेला होता आणि बापाने शपथ घेतली होती की आता या पोरासाठी मी दार उघडणार नाही. ही एवढी गोष्ट वर्षाहून जास्त काळ चालली होती. साडेसातला मालिका संपली की आई आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची आणि आतून पुटपुटणं ऐकू यायचं. संवाद पाठ करत असावी, असं माझं निदान होतं. मला तिची खरोखर काळजी वाटू लागली होती. जिने मला प्रार्थना शिकवली ती बाई देवाला सोडून मोत्यांच्या काकूच्या नादी लागलेली मला बघवत नव्हती.

अशात एका रविवारी आमचे पाळकसाहेब संदेशात म्हणाले की देव माणसाला भेटायला येतो तो माणूस जिथे बसला असेल तिथे. पाळकसाहेब तरुण आहेत, ते असं काहीतरी म्हणत असतात. पण मी ते मनावर घेतलं. आई सोफ्यावर बसली आहे. सोफ्यासमोर टीव्ही आहे. म्हणजे देवाला यायचं तर मालिकेतूनच यावं लागणार. उपासना संपताच मी त्यांना गाठलं आणि कार्यक्रम सुचवला, 'लोकप्रिय मालिकेतून विश्वासाचा शोध.' सभागृहात पडद्यावर मालिकेचा एक भाग दाखवायचा, त्यात लपलेला ख्रिस्त मी लोकांना दाखवून देणार. आई मालिकेच्या ओढीने सभागृहापर्यंत येईल, आणि सभागृह ते चर्च यात फक्त एक दार आहे. पाळकसाहेबांना आनंद झाला. आपण होऊन काही करायला तयार असलेला माणूस त्यांना बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता.

बातमी आमच्या इमारतीत पसरायला एक दिवसही लागला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिन्यातच अडवून म्हणाले, "मालिका कसली घेता? क्रिकेट घ्या. मैदानात काय झालं ते मैदानातल्यांना कळत नाही, तिसऱ्या पंचाला वरून सगळं दिसतं. अपील मात्र आपल्याला करावं लागतं. याहून देव वेगळा काय असतो?" समोरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींचं मत सिनेमाच्या गाण्यांना पडलं. "त्या गाण्यांत 'तुझ्यावाचून कोणी नाही' म्हणतात ते नक्की कोणाला, हे कुठे कळतं? शेवटची ओळ बदलली की थेट चर्चमध्ये म्हणता येतील," असं त्या ब्लाऊजला हुक लावता लावता म्हणाल्या. पोस्टमास्तर इतर धर्माचे, मावशी कुठल्याच नाहीत, पण सल्ला द्यायला त्याने काही अडत नाही.

सगळ्यात निरुपयोगी सल्ला माझ्या बायकोचा होता. ती म्हणाली, "अहो, आईंना सरळ विचारा ना, चर्चला का येत नाही म्हणून." इतक्या सोप्या मार्गाने कुठलंही काम होत नसतं, हे सरकारी नोकराच्या बायकोला तरी कळायला हवं होतं.

आता सभागृहाची परवानगी. ती आमच्या चर्चचे सेक्रेटरी देतात. हे निवृत्त मुख्याध्यापक. सगळी मंडळी त्यांना पाठीमागे 'ठराव' म्हणतात, कारण चर्चमधला पंखा बंद करायचा असला तरी ते आधी ठराव मांडतात, अनुमोदन मागतात आणि मग बटण दाबतात. त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला आणि नियमावली काढली. नियम नववा. सभागृहात दाखवायचं कोणतंही चित्र तिघांच्या उपसमितीने आधी संपूर्ण पाहिलेलं असावं. पूर्वी कोणीतरी दातांच्या निगेवरची फिल्म म्हणून आणली होती आणि ती दहा मिनिटांनी कुस्तीवर गेली, तेव्हापासूनचा हा नियम.

"सर, मी एकच भाग दाखवणार आहे," मी म्हणालो. "वीस मिनिटांचा. एकशे चौऱ्याहत्तरावा."

"नियमात संपूर्ण म्हटलंय."

"हो, तो भाग संपूर्ण बघा ना."

"पुस्तकाचं एकशे चौऱ्याहत्तरावं पान वाचून पुस्तक संपूर्ण वाचलं म्हणता येईल का?" ठरावसर म्हणाले. त्यांनी चाळीस वर्षं मुलांना असंच गप्प केलं आहे.

मी हिशेब मांडला. झालेले भाग पाचशे चाळीस. दुपारी दोन ते पाच बसलं तर रोज नऊ. म्हणजे साठ दिवस, आणि त्या साठ दिवसांत मालिका थांबणार नव्हती, रोज एक भाग पुढे पळणारच होती. मला वाटलं हे ऐकून ते नियम गुंडाळून ठेवतील. त्यांनी डायरीत साठ दिवस लिहून घेतले.

उपसमितीत ठरावसर, ऑर्गन वाजवणाऱ्या बाई, आणि तिसरी जागा रिक्त. कोणीच तयार होईना. रिक्त जागेची रीतसर नोंद घेऊन उपसमितीने काम सुरू केलं. आता बघायचं कुठे? ऑर्गनवाल्या बाईंकडे टीव्ही नाही, त्यांचा तत्त्वतः विरोध आहे. ठरावसरांचा टीव्ही रस्त्यावरून दिसतो, आणि निवृत्त मुख्याध्यापक भर दुपारी मालिका बघतोय हे जुन्या विद्यार्थ्यांना दिसून चालणार नव्हतं. राहिलं आमचं घर. आईला विचारलं तर म्हणाली, "येऊ देत. पण मध्ये बोलायचं नाही."

पहिल्या आठवड्यात ठरावसर पाठ ताठ ठेवून, वही मांडीवर घेऊन बसत आणि प्रत्येक भागानंतर 'आक्षेपार्ह काही नाही' असं लिहीत. दुसऱ्या आठवड्यात मी ऑफिसातून आलो तेव्हा ते माझ्या खुर्चीत रेलून बसले होते आणि आईला विचारत होते, "वहिनी, पण काकूला मृत्युपत्राचं कळलं कसं?" तिसऱ्या आठवड्यात ऑर्गनवाल्या बाईंनी दानार्पणाच्या वेळी तंद्रीत मालिकेचं सुरुवातीचं संगीत वाजवलं. आख्ख्या मंडळीने ते ओळखलं. त्याच वेळी आख्ख्या मंडळीला गीतपुस्तकात काहीतरी शोधण्याची गरज भासली. चौथ्या आठवड्यात मी घरी आलो तर ठरावसर रुमालाने डोळे टिपत होते. मला बघून म्हणाले, "धूळ फार आहे तुमच्याकडे." माझी बायको दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

माझं म्हणाल तर मला आता घरात बसायला जागा नव्हती. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून माझे सतरा मुद्दे तयार करत होतो. ते मी कसे काढले हे सांगितलं पाहिजे, कारण पुढे त्यावरून बराच बभ्रा झाला. मी एकही भाग पूर्ण पाहिला नव्हता. पेपर वाचता वाचता अधूनमधून मान वर करून जे दिसेल ते टिपून ठेवलं होतं. तराजू तपासायला साखर खाऊन बघावी लागत नाही, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव होता.

साठाव्या दिवशी आणखी एक अडचण निघाली. अहवालावर तिघांच्या सह्या हव्यात आणि तिसरी जागा रिक्त. मी पाळकसाहेबांकडे धावणार इतक्यात ठरावसरांनी आमच्या दिवाणखान्यात उभं राहून ठराव मांडला की वहिनींनी सर्व भाग उपसमितीच्या आधीच पाहिलेले असल्याने त्यांना सदस्य करून घ्यावं. ऑर्गनवाल्या बाईंनी अनुमोदन दिलं. आईने सही केली.

"सदस्यांना कार्यक्रमाला हजर राहणं बंधनकारक आहे," ठरावसर म्हणाले.

आईने गुडघ्यांचं नाव काढलं. ठरावसर म्हणाले, नियमात गुडघ्यांचा उल्लेख नाही. आई बराच वेळ चष्मा पुसत राहिली. "मागे बसेन," ती शेवटी म्हणाली. मला इतका आनंद झाला की माझी खुर्ची साठ दिवस गेल्याचं दुःखही राहिलं नाही.

कार्यक्रम शुक्रवारी पाचला ठेवला, म्हणजे सगळ्यांना सातच्या आत घरी पोचता येईल. शुक्रवारच्या प्रार्थनासभेला एरवी नऊ माणसं असतात. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. पोस्टमास्तर आणि मावशीसुद्धा आले होते. आई शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर धरून बसली होती.

मी इस्त्रीचा सदरा घालून उभा राहिलो आणि पहिला मुद्दा वाचला. "भाग शहाण्णव. म्हातारा घड्याळवाला स्वतः खाली बसून धाकट्याचे बूट पुसतो. घराचा मालक सेवक होतो. आपल्या प्रभूनेही शिष्यांचे पाय धुतले."

"हरकत आहे," ठरावसर उभे राहिले. "पुसत नव्हता. बुटात मृत्युपत्र लपवलेलं होतं, ते काढत होता."

सभागृहातून होकाराचा मोठा हुंकार आला. मी घाईने दुसऱ्या मुद्द्यावर गेलो. "भाग दोनशे तीन. मेजाभोवती बारा पाहुणे आणि मधोमध तेरावा."

"पाहुणे अकरा," ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या. "बारावा वकील. तेरावा वाढपी होता."

तिसरा मुद्दा काकूच्या हृदयपरिवर्तनाचा होता. पेलाभर पाणी पिऊन ती एकदम शांत होते, इथे मी जिवंत पाण्याचा संबंध फार सुंदर जोडला होता. मावशी तिसऱ्या रांगेतून म्हणाल्या, "त्या पाण्यात झोपेची गोळी होती हो." सातव्या मुद्द्यानंतर ठरावसरांनी ठराव मांडला की उरलेले दहा मुद्दे वाचले असं समजून एकत्रितपणे फेटाळण्यात यावेत. हात वर झाले. माझ्या बायकोचाही झाला. पाळकसाहेब छताकडे बघत होते, त्यांच्या ओठांचे कोपरे हलत होते.

माझी सगळी भिस्त आता त्या भागावर होती. मी पडद्यावर एकशे चौऱ्याहत्तरावा भाग लावला. हा मी निवडला होता, कारण यात थोरला घर सोडून जातो, आणि बाप-मुलाच्या गोष्टीत काही ना काही निघतंच. चित्र आलं. आवाज आला नाही. मी वायरी हलवल्या. मग ठरावसर हळूच म्हणाले, "परवानगी चित्राची आहे. ध्वनिक्षेपकाला नमुना तीनचा अर्ज वेगळा असतो. तुम्ही केला नाहीत."

"मग आता द्या की परवानगी."

"दिली असती हो," ते म्हणाले, आणि माझ्यापेक्षा त्यांचाच चेहरा पडला होता. "ध्वनिक्षेपकाच्या कपाटाची किल्ली शिपायाकडे आहे. तो पाचला घरी गेला. सातला त्याचीही मालिका असते."

पडद्यावर म्हातारा तोंड हलवत होता, थोरला पेटी भरत होता, आणि लोक चुळबुळ करायला लागले. दोघेतिघे उठलेही. माझ्या डोळ्यांसमोर साठ दिवसांचं वाटोळं होत होतं, आणि आई दाराच्या सगळ्यात जवळ बसली होती. ती उठली. संपलं, असं मला वाटलं.

ती पुढे आली. पडद्याकडे बघत म्हणाली, "म्हातारा म्हणतोय, जायचं तर घड्याळ ठेवून जा. ते माझ्या बापाचं आहे." थोरल्याने मनगटावरचं घड्याळ काढून मेजावर ठेवलं. "आता थोरला म्हणतोय, मला वेळ विचारायला तरी कोण आहे इथे. आता म्हातारी म्हणतेय, पोरा, खाऊन जा." आईने एकही शब्द चुकवला नाही. आवाज चढवला नाही की रडवेला केला नाही. घरात शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तसं सांगत होती. उठलेली माणसं पुन्हा बसली. दार लागलं, भाग संपला, पडदा पांढरा झाला.

"वहिनी," ठरावसर म्हणाले, "आम्ही साठ दिवस तुमच्याशेजारी बसून पाहिलं. इतकं पाठ नाही आम्हाला. तुम्हाला कसं?"

"सांगावं लागतं ना," आई म्हणाली. "हा भाग आम्ही दोघांनी मिळून पाहिलेला शेवटचा. हे म्हणाले, बघ, येईल तो परत, आणि दार म्हाताराच उघडेल. दोन दिवसांनी हे गेले. यांना पुढचं कळायला नको का? म्हणून रोज बघते, आणि मग खोलीत जाऊन यांच्या खुर्चीला सांगते. आज थोरल्याचं पत्र आलं, आज काकूने ते जाळलं."

पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "आणि प्रार्थना, आई?"

"ती जमत नाही. बसते, पण काय बोलायचं तेच सुचत नाही. देवाला सगळं आधीच माहीत. यांना माहीत नसतं, म्हणून सांगता येतं." मग तिने पर्स उगाच एकदा उघडून बंद केली. "आणि चर्चला आले की माझ्या शेजारची जागा सोडून सगळे बसतात. दोन्ही रविवारी. पूर्ण बाक भरलेला आणि ह्यांची तेवढी मोकळी. आख्खी उपासना मी तिच्याकडेच बघत बसते. कोणी सांगितलं होतं त्यांना?"

मी पंख्याकडे पाहिलं. मी सांगितलं होतं. दोन्ही रविवारी मी स्वतः त्या जागेवर बाबांचं गीतपुस्तक ठेवून लोकांना खुणेने पुढे पाठवलं होतं, तिला बरं वाटावं म्हणून. बायकोने माझ्याकडे पाहिलं. कागदांची गुंडाळी करून मी खिशात घातली. घरी जाताना मी आईला सांगून टाकलं की तो मीच होतो. ती म्हणाली, "मला वाटलंच. तू लहानपणीही असाच होतास." मग म्हणाली, "पाय उचल, सात वाजत आले."

शनिवारी कार्यकारिणीची बैठक होती. शुक्रवारच्या कार्यक्रमाचं इतिवृत्त मंजूर व्हायचं होतं, त्यात माझे सतरा मुद्दे फेटाळल्याची नोंदही आली. बैठक लांबली आणि ठरावसरांचा त्या दिवशीचा भाग बुडाला.

रविवारी सकाळी मी बूट घालत होतो तेव्हा आई साडी नेसून दारात उभी होती. गुडघ्यांचा विषय कोणीच काढला नाही. चर्चमध्ये ती आपल्या नेहमीच्या तिसऱ्या बाकावर बसली, मी आणि बायको तिच्या उजवीकडे. डावीकडची बाबांची जागा मोकळी होती. मंडळी येत होती, त्या जागेकडे बघून सवयीने पुढे जात होती. या वेळी मी खूण केली नव्हती, तरीही.

तेवढ्यात ठरावसर आले. त्यांची जागा चाळीस वर्षं पहिल्या बाकावर आहे. ते तिसऱ्या बाकाशी थांबले, ना ठराव मांडला, ना अनुमोदन मागितलं, आणि सरळ बाबांच्या जागेवर बसले. मग गीतपुस्तक उघडून, ओठ न हलवता विचारलं, "वहिनी, काल काय झालं?"

"उपासना होऊ दे," आई म्हणाली.

त्यांनी सगळी गीतं चुळबुळत म्हटली. संदेशानंतर पाळकसाहेबांनी दोन मिनिटं मूक प्रार्थनेला दिली. माना खाली गेल्या. आईला मूक असं काही जमत नाही, तिचं पुटपुटणं सुरू झालं, खोलीतून यायचं तसंच. आज मी शेजारी होतो, त्यामुळे शब्द ऐकू आले.

"काल थोरला आला. दार म्हाताऱ्यानेच उघडलं. बोलला काही नाही, नुसती त्याच्या हातातली पेटी घेतली. ह्यांना एवढं सांग. आमेन."

ठरावसरांचं आमेन सगळ्यांच्या आधी झालं, आणि जरा मोठ्यानेच झालं.